डोंगर गेला चोरीला

१. अर्धी दाढी

डोंगर चोरीला जाऊ शकतो यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी नकाशेअण्णांच्या ओट्यावर त्या सकाळी हजर असायला हवं होतं. अण्णांची अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर फेस होता, आणि नियोजन कार्यालयाचे हेडक्लार्क भाऊसाहेब ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आल्याने भात्यासारखे धापा टाकत होते.

"अण्णा... डोंगर..."

"आधी बसा. पाणी घ्या. कुठला डोंगर?"

"थोरला. चोरीला गेला."

आतून अण्णांच्या बायकोचा आवाज आला, "भागिले पाच!"

ही त्या घरातली जुनी थट्टा. अण्णांना साधी गोष्ट साधी सांगता येत नसे. मांजर आडवं गेलं तर ते बिबट्या सांगत आणि सर्दी झाली तर मृत्युपत्राचं बोलत. म्हणून आजी नवऱ्याचं सगळं पाचाने भागून घेई. आणि अण्णांच्या लाडक्या गोष्टींची महाराणी म्हणजे या थोरल्या डोंगराची. तरुणपणी त्याची मोजणी करायला ते चढले तेव्हा वाटेत गरुड दम खायला बसले होते, असं ते नातवंडांना सांगत आणि गरुडांची संख्या दरवर्षी वाढवत.

"अहो वहिनी, भागायचं कसलं?" भाऊसाहेब काकुळतीला आले. "अख्खा गेलाय. कचेरीतल्या टेबलावरच्या उठावाच्या नकाशातला."

मग मात्र अण्णांचा वस्तरा थांबला.

तो नकाशा त्यांनी स्वतःच्या हातांनी केला होता. जिल्हा तेव्हा नवा होता, गरीब होता, तीन चतुर्थांश आदिवासी वस्त्यांचा आणि जंगलाचा होता, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरले साहेब, म्हणजे पहिले नियोजन अधिकारी, म्हणाले होते, "आधी जिल्हा टेबलावर आणू. जो दिसत नाही त्याचा विकास कोण करणार?" तेव्हापासून या जिल्ह्याचा प्रत्येक आराखडा त्या टेबलाभोवती उभं राहून ठरला होता. उद्या नियोजन समितीच्या बैठकीत पुढच्या पाच वर्षांचा ठरायचा होता. आणि त्यातला एकच मुद्दा अडलेला होता: नवा रस्ता थोरल्या डोंगरावरच्या वस्त्यांना न्यायचा, की खालून सपाटीने काढायचा.

"नियोजन अधिकारी मॅडमनी तुम्हाला बोलावलंय," भाऊसाहेब म्हणाले. "उद्यापर्यंत डोंगर सापडला तर ठीक, नाहीतर तुम्ही नवा करून द्यायचा. आणि चोर कोण, ते त्यांनी ओळखलंय."

"कोण?"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "डोंगरमावशी. आपल्या समितीवरच्या, डोंगरावरच्या वस्तीच्या."

वस्तरा हनुवटीला लागला. अण्णा तसेच, अर्ध्या दाढीने, ओट्यावरून उतरले.

२. धुळीतली खूण

नकाशाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि अण्णांना पहिल्यांदा वास आला. सरस, जुना रंग, ओल धरलेली भिंत. त्या वासाबरोबर सगळी मंडळी आत आली: तोंडात खिळे धरून बोलणारा सुतार मिस्त्री, जीपचा पत्रा प्रेमाने थोपटणारा ड्रायव्हर, आणि हातातल्या लांब काठीने डोंगरदऱ्या दाखवत गुणगुणणारे थोरले साहेब. यातलं आता कुणीच उरलं नव्हतं. काठी तेवढी कोपऱ्यात उभी होती, तिच्यावर कुणीतरी फडकं वाळत घातलं होतं.

खोलीभर टेबल आणि टेबलभर जिल्हा. निळ्या रंगाच्या नद्या, हिरवी रानं, टाचणीच्या डोक्याएवढ्या वस्त्या. आणि उत्तरेला, जिथे भल्या मोठ्या टोपलीएवढा थोरला डोंगर असायचा, तिथे लाकडी फळीचा उघडा गोल.

"कुलूप शाबूत," मॅडम म्हणाल्या. त्या वयाने अण्णांच्या नातीएवढ्या, कामाला वाघीण आणि बोलायला सरळ. "खिडकीच्या गजांतून मांजर जाणार नाही, डोंगर कुठला जातोय! काल संध्याकाळी आम्ही चौघं इथे होतो. मी, रस्तेसाहेब, भाऊसाहेब आणि मावशी. चर्चेत आवाज चढले. मावशी शेवटी म्हणाल्या, 'हा डोंगर उचलून फेकून द्यावासा वाटतो.' सगळ्यांसमोर म्हणाल्या."

"वाटणं वेगळं आणि फेकणं वेगळं, मॅडम."

"पुढे ऐका ना. आम्ही बाहेर पडल्यावर त्या छत्री राहिली म्हणून परत आत गेल्या. एकट्या. बाहेर आल्या तेव्हा काखेत हे एवढं गाठोडं होतं. शिपायाने पाहिलंय. उद्या बैठकीआधी मला अहवाल द्यावा लागणार, अण्णा. मग समितीवर त्या राहणार नाहीत."

आणि मावशी समितीवर नसल्या तर डोंगरावरच्या रस्त्यासाठी तोंड उघडणारं दुसरं कुणी नव्हतं, हे सांगायची गरज नव्हती.

अण्णा वाकले. फळीवर लाकडाच्या चार खुंट्या उभ्या होत्या, एकही मोडलेली नव्हती. रंगाचा टवका उडाला नव्हता.

"फोडून काढलेला नाही," ते म्हणाले. "फिरवून काढलाय. नकाशा मिस्त्रीच्या छपराखाली तयार झाला, आणि इथे आणताना तो दारातून आत येईना. मग मिस्त्रीने थोरला डोंगर सुटा केला. खुंट्यांवर बसवायचा आणि पाव फेरा फिरवायचा. वजन म्हणाल तर काही नाही. आतून पोकळ, सगळा कागदाचा लगदा. नामंजूर झालेले अर्ज भिजवून केलेला."

"म्हणजे डोंगर निघतो हे ज्याला माहीत होतं, त्यानेच काढला."

"हो."

"मावशींना माहीत होतं?"

अण्णांना खोटं बोलायचं होतं. पण थोरल्या साहेबांच्या खोलीत जीभ वळेना. "होतं. तेव्हा ती पोरगी होती. आम्हाला डोंगर दाखवायला तीच आली होती. बसवताना एका बाजूने तिनेच धरला होता."

मॅडमनी सुस्कारा टाकला. दारात उभे असलेले भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले, "मला तर बुवा आजच कळतंय डोंगर निघतो ते!"

अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. खुंट्यांच्या मधल्या जागेत वर्षानुवर्षांची धूळ साचली होती, आणि त्या धुळीत एक स्वच्छ चौकोन होता. तळहाताएवढा. तिथे काहीतरी फार दिवस ठेवलेलं होतं आणि ते कालच उचललेलं होतं.

ते काय होतं हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांना, का कोण जाणे, हसू आलं.

३. दोऱ्याचा हिशोब

रस्तेसाहेब, म्हणजे रस्त्यांच्या खात्याचे इंजिनियर, व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. इस्त्रीचा शर्ट, घोटून केलेली दाढी. त्यांनी अण्णांच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर झाडाकडे वळवली.

"माझ्यावर संशय असेल तर विचारा सरळ."

"तुमच्यावर कशाला? डोंगर तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. तो उभा राहिला की तुम्हाला बोलावं लागत नाही."

"अगदी बरोबर! आजवर जो जो समितीवर आला, त्याने तो चढ पाहिला आणि म्हणाला, बाप रे! यावर जीप न्यायची की बोकड? विषय संपला. मी उगाच नाही म्हणत नाही, अण्णा. चढाचा हिशोब केलाय मी."

"कसा केलात?"

"तुमच्याच नकाशावर. दोरा लावून. पायथ्यापासून माथ्यापर्यंत वस्तीच्या वाटेवर दोरा ठेवला, मापं घेतली, चढ काढला. असल्या चढावर रस्ता करायचा तर सरळ शिडीच लावावी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुंदर काम केलंय हं तुम्ही. एकेक घळ खरी."

अण्णांची छाती फुगली. अशी स्तुती ऐकून किती वर्षं झाली होती! कोण पाहणार हातचे नकाशे आता? त्या फुगलेल्या छातीमुळेच बहुधा, रस्तेसाहेबांच्या बोलण्यातलं एक कुसळ त्यांच्या मनात शिरलं आणि ते काय आहे ते त्यांना कळलं नाही. नुसतं टोचत राहिलं.

"डोंगर असो नाहीतर नसो," रस्तेसाहेब म्हणाले, "रस्ता सपाटीनेच जाणार."

४. गाठोडं

डोंगरमावशी कचेरीच्या आवारात झाडाखाली बसली होती. मांडीवर ते प्रसिद्ध गाठोडं. अण्णांना पाहून ती हसली. समोरचे दोन दात गेले होते, हसू मात्र त्या पोरीचंच होतं.

"ये रे नकाशेवाल्या. तुझा डोंगर मी पळवला म्हणे."

"पळवलास का?"

"पळवता आला असता तर केव्हाच पळवला असता. लग्न होऊन त्याच्या माथ्यावर गेले, तेव्हापासून बघते आहे त्याला." तिने गाठोडं सोडलं. आत मऊ झालेल्या जुन्या साड्या होत्या, घड्या घातलेल्या. "काल कचेरीतल्या बायांनी दिल्या. नातसुनेला दिवस गेलेत. दुपटी शिवायला."

अण्णांनी साड्यांवरून हात फिरवला.

"नातवाची आई कशी गेली ते माहीत आहे ना तुला? पोर झालं, आणि ती झोळीतून खाली नेताना वाटेतच गेली. खांदेकरी पळत होते बिचारे, पण पायवाटेवर झोळी आडवी होते, हेलकावे खाते. गाडी आली असती तर..." तिने वरच्या साडीची घडी नीट केली. "मी या समितीवर म्हातारी झाले, नकाशेवाल्या. दर आराखड्याला रस्ता मागते. दरवेळी नवा साहेब त्या टेबलावरच्या डोंगराकडे बघतो, मान हलवतो. मी म्हणते, आम्ही डोक्यावर हंडे घेऊन चढतो. तर म्हणतात, तुम्हाला सवय आहे मावशी. पुढच्या आराखड्याला मी नसेन. नातसुनेसाठी मला झोळीवाले शोधायला लावू नका एवढंच."

मावशीने गाठोडं पुन्हा बांधलं.

"काय दिवस होते पण ते!" अण्णांनीच विषय बदलला. "साहेब पुढे, मी मागे, डोक्यावर ऊन. जीभ हातभर बाहेर यायची चढताना."

"चल, खोटारड्या! जीभ बाहेर कुठली? साहेब तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत गात होते. एक गाणं संपलं की दुसरं. तुम्ही सगळे मागून सूर धरायचात आणि मी हसून हसून वाटेत बसायची, इतके बेसूर."

मघाचं कुसळ पुन्हा टोचलं. गात होते? चढताना?

"मावशी, तुझ्याकडे पत्ते आहेत का गं? खेळायचे?"

"पत्ते?" तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ऊन लागलंय याला. "मला नाही असली व्यसनं."

अण्णा उठले. मावशी निर्दोष होती, हे त्यांना कळलं होतं. खरा चोरही कळला होता. फक्त त्या माणसाने हे का करावं, ते काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

५. चहा आणि टोपली

भाऊसाहेबांच्या खोलीत दोन कपाटं, एक टेबल आणि फायलींचे ढीग होते, त्यामुळे माणसाला बसायला जी जागा उरली होती ती चहाच्या कपाएवढीच. चहा आला. अण्णांनी खिशातली जुनी तिकिटं काढून चुरगळली आणि कोपऱ्यातल्या टोपलीत टाकली. दोन कपाटांच्या फटीत तिरकी टेकवलेली, बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळलेली, वर रुंद आणि खाली निमुळती अशी ती टोपली रद्दीने भरली होती.

"मुलगी कशी आहे, भाऊसाहेब? नर्स झाली ना?"

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "बदली झाली तिची. थोरल्या डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात. केंद्र कसलं, एक खोली आणि दार. मी म्हटलं, राजीनामा दे. ती म्हणते, बाबा, तुमच्याच आराखड्यातलं केंद्र आहे, तुम्हीच पळ काढायला सांगता? काय बोलणार! पण जागा छान आहे हो. सकाळी तळं असं दिसतं खाली, बशीत दूध ठेवल्यासारखं, आणि पलीकडे..."

ते एकदम गप्प झाले. चहाचा मोठा घोट घेतला, भाजला, तरी गिळला.

अण्णांनी कप खाली ठेवला. तळं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. ते फक्त माथ्यावरून दिसायचं.

"भाऊसाहेब, तुम्ही या कचेरीत लागलात तेव्हा आम्ही तुम्हाला काय काम दिलं होतं, आठवतं?"

"आवक-जावक."

"ते सरकारने दिलेलं. आम्ही दिलेलं?"

भाऊसाहेबांनी कप पुन्हा तोंडाला लावला.

"मी, मिस्त्री आणि ड्रायव्हर दुपारी नकाशाच्या खोलीत पत्ते खेळायचो," अण्णा शांतपणे म्हणाले. "साहेबांना पत्त्यांचा राग. म्हणून जोड थोरल्या डोंगराखाली लपवायचा. आणि नव्या पोराने दाराशी उभं राहायचं, साहेब दिसले की खोकायचं. खोकणारा पोरगा कोण होता? तो म्हणतो, डोंगर निघतो हे मला आज कळलं. रस्त्यासाठी चोरी करणारा माणूस जुने पत्ते कशाला नेईल? ते फक्त अशा माणसाने उचलले असतील, ज्याला ते तिथे पडलेले बघून भरून आलं."

भाऊसाहेबांनी टेबलाचा खण उघडला. मऊ पडलेला, कडा काळवंडलेला जोड त्यांनी अण्णांसमोर ठेवला.

"कधी खेळायला नाही घेतलंत मला," ते म्हणाले. "नुसतं खोकायला लावलंत."

अण्णांनी जोड उचलला. इस्पिकच्या राजाच्या कोपऱ्यावर मिस्त्रीने खुणेसाठी उमटवलेला दात अजून होता. लबाड मेला! त्यांचे डोळे भरून आले.

आणि नेमके तेव्हाच भाऊसाहेब जोरात खोकले.

इतक्या वर्षांची सवय. दारात मॅडम उभ्या होत्या.

६. भागाकार

"पत्ते?" मॅडम म्हणाल्या. "कार्यालयात?"

"मॅडम, चोर सापडला," भाऊसाहेब स्वतःच उभे राहिले. "मावशींना काही बोलू नका. मी आजच सांगणार होतो, पण पाय उचलेना. डोंगर मीच काढला. खोलीची किल्ली माझ्याकडेच असते."

"तुम्ही? कुठे ठेवलात?"

"त्याच्यातच मी मघाशी तिकिटं टाकली," अण्णा म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली टोपली उचलून रद्दी ओतली, भोवतीचं वर्तमानपत्र सोडलं आणि ती टेबलावर पालथी घातली. थोरला डोंगर, हिरव्या रानासकट, फायलींच्या मधोमध उभा राहिला. "आतून पोकळ डोंगर उलटा केला की काय होतं? या कचेरीत पहिल्यांदाच कुणीतरी कचऱ्याची टोपली इतक्या कल्पकतेने वापरली."

"पण का?" मॅडम खुर्चीत बसल्या. "भाऊसाहेब, तुम्ही तर नियमाबाहेर टाचणी वापरत नाही."

"मी चढलो, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "मुलीला पोचवायला. मनात म्हटलं, आज आपण संपलो. इथल्या जिन्यावर मला दोनदा बसावं लागतं. आणि मी न थांबता माथ्यावर गेलो. मी! तिच्याशी गप्पा मारत. परत खाली येऊन या डोंगराकडे पाहिलं आणि वाटलं, एकतर मी खोटा नाहीतर हा. दर बैठकीचा वृत्तांत मीच लिहिलाय. 'चढ पाहता अव्यवहार्य.' दरवेळी हेच वाक्य. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, इंजिनियरसाहेबांनी मोजलंय. म्हणून म्हटलं, हाच नसला तर उद्या सगळ्यांना उठून खरा डोंगर बघायला जावं लागेल."

"माझा डोंगर खोटा?" अण्णा कडाडले. "एकेक रेघ मी चालून काढली आहे! त्या चढावर गरुड..."

आणि ते थांबले.

त्यांच्या कानात आजीचा आवाज आला. भागिले पाच. कुठून आली ही थट्टा त्यांच्या घरात? लग्नानंतर थोरले साहेब जेवायला आले होते. अण्णा गरुडांची गोष्ट रंगवून सांगत होते, आणि साहेब नव्या नवरीला म्हणाले होते, "सूनबाई, याचं सगळं नकाशासारखं आहे. पाचाने भागून घेत जा."

नकाशासारखं.

जिल्हा होता तसा टेबलावर मांडला असता तर अंथरलेल्या चादरीवरच्या चुण्यांसारखा दिसला असता. डोंगर दिसावेत म्हणून नकाशा करणारे उंची वाढवतात. लांबी-रुंदी खरी, उंची पाचपट. त्या धंद्याची रीतच ती. आणि कुणीही पाहुणा आला की थोरले साहेब काठी उचलून पहिलं वाक्य तेच म्हणत, "उंची पाचपट बघताय हं, पाचाने भागून घ्या." ते तोंडी होतं. टेबलावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. साहेब गेले, वाक्य गेलं, काठीवर फडकं वाळत पडलं. मागून आलेल्यांना कुणी सांगितलं नाही. ज्याने सांगायचं, तो ओट्यावर बसून गरुड मोजत होता, आणि मोजता मोजता स्वतःच्याच थापेवर त्याचा विश्वास बसला होता.

चढाने धाप लागलेला माणूस गाणं कसं म्हणेल?

"मॅडम," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच अगदी लहान झाला, "उद्या मला ती काठी द्या."

७. काठी

दुसऱ्या दिवशी अण्णा पूर्ण दाढी करून आले. डोंगर खुंट्यांवर बसला होता, पाव फेरा फिरवून. समितीचे अध्यक्ष, रुंद अंगाचे गृहस्थ, टेबलापाशी आले, थोरल्या डोंगराकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून "बाप रे" निघणार तोच अण्णांनी काठी टेकवली.

"उंची पाचपट बघताय हं. पाचाने भागून घ्या."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. एकट्या रस्तेसाहेबांना कळलं. त्यांचा चेहरा इस्त्रीच्या शर्टाएवढा पांढरा झाला. त्यांनी खिशातून कागद काढला, मनातल्या मनात काहीतरी केलं, पुन्हा केलं.

"अहो, पण मग हा चढ..." ते पुटपुटले. "हा तर... यावरून बससुद्धा जाईल."

"तुम्ही प्रत्यक्ष डोंगरावर जाऊन मोजलं नव्हतंत?" मॅडमनी विचारलं.

"वर जायला रस्ता कुठे आहे?" रस्तेसाहेब म्हणाले, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं.

कुणी हसलं नाही. टेबलाच्या पलीकडून डोंगरमावशी अण्णांकडे बघत होती. रागाने नाही. राग सोसला असता.

"म्हणजे एवढी वर्षं आम्ही तुझ्या डोंगराखाली होतो," ती हळू म्हणाली. "आमचा बिचारा साधाच होता."

अण्णांनी काठी हळूच खाली टेकवली.

त्या दिवशी समिती डोंगरावर गेली. अध्यक्ष आधी नाही म्हणाले, पण भाऊसाहेब पुढे चालायला लागल्यावर त्यांना लाज वाटली. भाऊसाहेब बोलत बोलत चढले, खोकले नाहीत. रस्तेसाहेब मापाची फीत घेऊन दर वळणाला वाकत होते आणि दर वळणाला स्वतःशीच "अरेरे" म्हणत होते. अर्ध्या वाटेवर अण्णांनी थोरल्या साहेबांचं गाणं धरलं. बेसूरच. मागून मावशीने सूर दिला. थोड्या वेळाने, पण दिला. माथ्यावर पोचले तेव्हा खाली तळं दिसलं, बशीत ठेवलेल्या दुधासारखं, आणि आरोग्य केंद्राच्या एकुलत्या दारात भाऊसाहेबांची मुलगी मावशीच्या नातसुनेचा रक्तदाब घेत होती. अध्यक्ष बराच वेळ त्या दोघींकडे बघत राहिले. मग त्यांनी तिथेच, मांडीवर आराखडा ठेवून, रस्ता वर घेतला.

भाऊसाहेबांवर काय कारवाई झाली म्हणाल, तर मॅडमनी त्यांना लेखी ताकीद दिली. ती टाईप करायचं काम भाऊसाहेबांकडेच आलं, आणि त्यांनी स्वतःच्या ताकिदीतली एक चूकही दुरुस्त केली. जुना डोंगर त्यांनी टोपली म्हणून मागून घेतला. खुंट्यांवर अण्णांनी नवा बसवला, बुटका, खऱ्या उंचीचा, आणि त्याच्या अंगावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत तांबडी रेघ ओढली. बाकीचे डोंगर अजून उंचच आहेत. म्हणून काठीवर आता फडकं वाळत नाही, आणि जो टेबलापाशी येतो त्याला आधी ते वाक्य ऐकावं लागतं.

त्या डोंगरावरून परतल्या संध्याकाळी अण्णा ओट्याच्या पायऱ्या चढून वर बसले. आजी पाणी घेऊन आली.

"कसा होता हो डोंगर?"

"लहान होता गं," अण्णा म्हणाले. "अगदी साधा. आम्ही सगळे गात गात चढलो होतो. तेव्हाही. गरुड वगैरे काही नव्हते."

आजीने सवयीने तोंड उघडलं.

"नको," अण्णा म्हणाले. "आज भागू नकोस."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदराने त्यांच्या हनुवटीवरची वस्तऱ्याची खपली जराशी पुसून ती शेजारी टेकली, आणि अण्णांनी खिशातून तो मऊ पडलेला पत्त्यांचा जोड काढून तिच्यासमोर पिसायला घेतला.